दिवसभर अंगावर बाळगण्यासाठी मध्यम आकाराचे .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर: कोणते निवडावे?

गॅलाटिनकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही मोंटाना राज्यातील बोझमन येथे राहतो. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी गॅलाटिन नदीवर गळ टाकायला किंवा आसपासच्या डोंगरांत पायी फिरायला जातो, आणि हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख असल्यामुळे अस्वल-स्प्रेचा डबा नेहमी जवळ असतो. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाल्यापासून स्प्रेच्या जोडीला एक रिव्हॉल्व्हर घ्यावे असे मनात आहे. .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस निवडण्याचे कारण असे की याच शस्त्रातून .३८ स्पेशलची सौम्य काडतुसे चालतात, त्यामुळे सराव पुष्कळ करता येतो आणि हाताला त्रास होत नाही.

येथील शूटिंग रेंजवर दोन शस्त्रे भाड्याने घेऊन पाहिली. ४ इंची नळीचे स्मिथ अँड वेसन ६८६ चालवताना फार सुखद वाटले, पण कमरेला लावून गाडीत बसलो तेव्हा नळीचे टोक आसनावर टेकले आणि मूठ वर सरकून बरगडीला लागली. सव्वादोन इंची नळीचे रुगर एसपी१०१ कमरेला जाणवतही नव्हते, मात्र मॅग्नमच्या पाच गोळ्या झाडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कातडी लाल झाली आणि सहाव्यांदा चाप ओढण्याची इच्छा राहिली नाही.

म्हणून आता या दोहोंच्या मधली शस्त्रे विचारात आहेत: ३ इंची ६८६ प्लस (सात गोळ्या, वजन एक किलोच्या किंचित वर), पावणेतीन इंची मॉडेल ६६ (सुमारे ९५० ग्रॅम), ३ इंची रुगर जीपी१०० (सुमारे १०२० ग्रॅम), ३ इंची कोल्ट किंग कोब्रा (सुमारे ८०० ग्रॅम) आणि ३ इंची एसपी१०१ (पाच गोळ्या, सुमारे ७७० ग्रॅम). ज्यांनी यांपैकी काही रोज आठ-दहा तास अंगावर वागवले आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

जुना नेमबाज

आपण प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. स्मिथ अँड वेसनच्या शस्त्रांत के आणि एल या दोन फ्रेममधला, म्हणजे शस्त्राच्या सांगाड्याच्या दोन मापांमधला, फरक समजला की निम्मा प्रश्न सुटतो. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली आले तेव्हा ते जड, मोठ्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरमध्येच मिळत असे आणि ते दिवसभर कमरेला वागवणे पोलिसांना जड जाई. अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातील बिल जॉर्डन यांनी पाठपुरावा केल्यावर १९५५ साली .३८ च्या मध्यम म्हणजे के फ्रेमवर मॅग्नम बसवले गेले, तेच पुढे मॉडेल १९ म्हणून ओळखले गेले, आणि त्याचे स्टेनलेस रूप म्हणजे मॉडेल ६६. आपण जो प्रश्न आज विचारत आहात, त्याचेच उत्तर म्हणून हे शस्त्र जन्माला आले.

मात्र त्या फ्रेममध्ये जागा कमी असल्यामुळे नळीच्या मागच्या तोंडाला, जिथे गोळी सिलिंडरमधून (काडतुसे धरणाऱ्या फिरत्या नळकांड्यातून) नळीत शिरते तिथे, खालच्या बाजूने धातू सपाट कापावा लागला. १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) हलक्या आणि अतिवेगवान गोळ्या सतत झाडल्या गेल्या की नेमक्या त्या कापलेल्या जागी तडा जाण्याचे प्रकार होऊ लागले. १९८० च्या सुमारास एल फ्रेम आली ती मुख्यतः यावर उपाय म्हणून: मूठ के फ्रेमचीच, पण सिलिंडर आणि तो बसतो ती फ्रेममधली खिडकी मोठी, आणि नळीचे तोंड सर्व बाजूंनी अखंड. आजचे ६८६ त्याच घराण्यातले आहे. मॉडेल ६६ चे उत्पादन २००५ मध्ये थांबले आणि २०१४ मध्ये ते नव्या रचनेने परत आले. या नव्या रचनेत ती सपाट कापणी नाही, त्यामुळे जुन्या मॉडेल ६६ बद्दलची भीती नव्याला जशीच्या तशी लावू नये. तरीही मी १५८ ग्रेनच्याच गोळ्या वापरण्याचा सल्ला देईन.

आता बाळगण्याच्या सोयीबद्दल. के फ्रेमच्या सिलिंडरची जाडी साधारण ३७ मिलिमीटर आणि एल फ्रेमची साधारण ४० मिलिमीटर भरते. हा तीन मिलिमीटरचा फरक मोठा आहे असे लोक मानतात, पण मी दोन्ही प्रकारची शस्त्रे पंधरा वर्षे वागवली आहेत आणि डोळे मिटून कमरेला कोणते लावले आहे हे मला जाडीवरून सांगता येणार नाही. सिलिंडर शरीराच्या बाकात सामावून जातो. सदऱ्याबाहेर फुगवटा दिसतो तो मुठीच्या खालच्या मागच्या कोपऱ्याचा. माझ्या जुन्या चौकोनी मुठीच्या ४ इंची रिव्हॉल्व्हरवर रबरी दस्ता (मुठीवरचे बदलता येणारे आवरण) होता, तो सदऱ्याला चिकटून धरत असे आणि वाकले की कापड वर ओढले जाई. तोच दस्ता काढून गुळगुळीत लाकडी, करंगळीपाशी संपणारा दस्ता लावला आणि शस्त्र जणू एका मापाने लहान झाले. नवीन ६६ आणि ६८६ दोन्ही गोल मुठीचीच येतात, तेव्हा ती अडचण आपल्याला नाही. दस्ता मात्र विचारपूर्वक निवडा.

तीन इंची नळीबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या अडीच इंची नळीत रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारा दांडा आखूड असल्यामुळे मॅग्नमची फुगलेली आवरणे अर्धवटच बाहेर येत आणि नखाने ओढून काढावी लागत. तीन इंचांत तो दांडा पूर्ण लांबीचा बसतो. एफबीआयने १९८० च्या दशकात तीन इंची, गोल मुठीचे मॉडेल १३ वापरले, त्यामागे हीच तडजोड होती.

एडिसनची ताई

मी न्यू जर्सीत राहते आणि तीन इंची एसपी१०१ वापरते. येथे लिहिण्याचे पहिले कारण कायद्याचे आहे, कारण हा धागा वाचणाऱ्यांमध्ये एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असलेले अनेकजण असतील. केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ ठेवण्यास सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या आधारावर पाऊल उचलण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण चूक झाली तर ती थेट इमिग्रेशनच्या कागदपत्रांवर उमटते. धागाकर्त्यांना ग्रीन कार्ड मिळाले आहे, त्यामुळे हा अडथळा त्यांना नाही. राज्याराज्यांचे नियमही फार वेगळे आहेत: मोंटानात २०२१ पासून लपवून बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा राहिलेला नाही, तर आमच्याकडे परवाना लागतो आणि पोकळ टोकाच्या गोळ्या घराबाहेर बाळगण्यावरही कडक बंधने आहेत. त्यामुळे माझ्या शस्त्रात .३८ स्पेशलच्या सपाट टोकाच्या वॉडकटर गोळ्या असतात, आणि पावणेआठशे ग्रॅमच्या शस्त्रातून त्या झाडताना हात जराही दुखत नाही.

दुसरे कारण शरीराच्या ठेवणीचे आहे. पुरुषांनी दिलेले बहुतेक सल्ले सरळ कमर गृहीत धरतात. स्त्रीचे नितंब कमरेखाली बाहेर येतात, त्यामुळे पट्ट्याला लावलेल्या शस्त्राची नळी बाहेर ढकलली जाते आणि मूठ आत झुकून थेट बरगडीत रुतते. चार इंची नळीत हे जास्त होते, कारण तरफ लांब असते. मला दोन होल्स्टर (शस्त्राची म्याने) वाया घालवावे लागले, तेव्हा कुठे शस्त्र पट्ट्याच्या थोडे खाली आणि शरीरापासून किंचित दूर धरणारे होल्स्टर सापडले. त्याआधी मी दोष रिव्हॉल्व्हरला देत होते आणि ते विकण्याच्या बेतात होते. गॅलाटिनकाठ, आपल्या पत्नीही कधी हे शस्त्र वापरणार असतील तर निवड करण्याआधी त्यांच्या कमरेवर लावून पाहा.

फेअरबँक्सचा रहिवासी

आपल्या मूळ प्रश्नातच मला एक गफलत दिसते. आपण दिवसभर पाठीवर पिशवी घेऊन चालता, आणि चांगल्या पिशवीचा कमरपट्टा नेमका त्याच जागी बसतो जिथे आपण रिव्हॉल्व्हर लावण्याचा विचार करत आहात. पिशवीचा पट्टा आवळला की सिलिंडर नितंबाच्या हाडावर दाबला जातो. मी अलास्कात पहिला उन्हाळा असाच काढला, आणि चार तासांच्या चालीनंतर तिथे रुपयाएवढा काळानिळा डाग पडत असे. शिवाय घाईच्या वेळी पट्ट्याखालून शस्त्र बाहेर काढता येत नाही. आपण तर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मासे पकडता; तिथे कमरेचे शस्त्र पाण्यातच असेल.

आमच्याकडे मार्गदर्शक आणि मासेमारी करणारे लोक छातीवरचे होल्स्टर वापरतात. एक पट्टा खांद्यावरून, एक पाठीमागून बरगड्यांभोवती, आणि शस्त्र छातीवर तिरपे. पिशवीचे पट्टे त्याच्या बाजूने जातात, पाणी लागत नाही, गाडीत बसले तरी मांडीवर काही टेकत नाही. वजन खांद्यावर येत असल्यामुळे साडेनऊशे ग्रॅम आणि साडेदहाशे ग्रॅम यांतला फरक जाणवत नाही, आणि चार इंची नळीची अडचण उरतच नाही. उलट चार इंचांत १५८ ग्रेनची मॅग्नम गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या पुढे जाते, तीन इंचांत त्यातील काही वेग कमी होतो, आणि आगीचा झोत व आवाज मात्र वाढतो.

हलक्या शस्त्राच्या मोहात पडू नका. स्कँडियम मिश्रधातूची अर्ध्या किलोहूनही कमी वजनाची मॅग्नम रिव्हॉल्व्हर मिळतात; खिशात ती उत्तम वाटतात, पण धक्का इतका तीव्र असतो की न झाडलेल्या काडतुसांतील गोळ्या जडत्वाने पुढे सरकू शकतात आणि सरकलेली गोळी सिलिंडरबाहेर डोकावली तर सिलिंडर फिरणे थांबते. अस्वलासमोर असे होऊन चालणार नाही. आम्ही अस्वलासाठी १८० ग्रेनच्या कठीण शिशाच्या, खोल शिरणाऱ्या गोळ्या वापरतो, आणि खरे सांगायचे तर तपकिरी अस्वलासाठी .३५७ ही किमान पायरी आहे, माझ्या छातीवर .४४ मॅग्नम असते. पण ज्याला .४४ चा सराव सोसत नाही, त्याने .३५७ वर नेम पक्का करावा हे मला जास्त पटते. अस्वल-स्प्रे मात्र कोणत्याही स्थितीत सोडू नका. शस्त्र बाहेर काढून, धावत येणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर नेम धरण्यापेक्षा स्प्रेचा ढग उभा करणे बहुतेकांना सोपे जाते.

गॅलाटिनकाठ

सर्वांचे मनापासून आभार. छातीवरच्या होल्स्टरचा विचार मी केलाच नव्हता. उत्तर देण्याआधी एक प्रयोग करून पाहिला, तो सांगतो. नदीतले गोटे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून जाड कापडाच्या तीन पिशव्या शिवल्या: ७७० ग्रॅम, ९५० ग्रॅम आणि १०५० ग्रॅम. पहिल्या दिवशी नेहमीच्या पँटच्या मऊ पट्ट्याला एकेक पिशवी दोन-दोन तास लावून अंगणात कामे केली. हलकी पिशवीसुद्धा पट्टा खाली ओढत होती आणि दर दहा मिनिटांनी पँट वर खेचावी लागत होती. दुसऱ्या दिवशी दीड इंच रुंद, आत कडक पट्टी असलेला दुहेरी चामड्याचा पट्टा आणला. त्यावर सर्वांत जड पिशवी लावून संध्याकाळपर्यंत फिरलो आणि जेवायला बसेपर्यंत ती कमरेला आहे हे विसरून गेलो होतो. तीनशे ग्रॅम कमी करण्यासाठी मी जितका विचार करत होतो, त्यापेक्षा पट्ट्यानेच अधिक फरक पडला.

मात्र पाठीवर पिशवी घेऊन बोझमनजवळच्या हायलाइट खोऱ्यात गेलो तेव्हा फेअरबँक्सकरांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. पहिल्या मैलातच गोट्यांची पिशवी कमरपट्ट्याखालून काढून ठेवावी लागली.

सह्यभटक

मी कोलोराडोत राहतो, इथे ग्रिझली नाहीत, तेव्हा माझी गरज आपल्यापेक्षा हलकी आहे; पण जीपी१०० बद्दल या धाग्यात कुणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. रुगरने १९७२ ते १९८५ या काळात सिक्युरिटी-सिक्स हे शस्त्र बनवले आणि त्यानंतर त्याची जागा जीपी१०० ने घेतली. याच्या फ्रेमला बाजूची झाकणपट्टी नाही, चौकट अखंड आहे, आणि सिलिंडर पुढच्या बाजूला दांड्याच्या टोकाऐवजी क्रेनपाशी (सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतो त्या बिजागरीच्या हातापाशी) कुलूपबंद होतो. मॅग्नम गोळ्या हजारोंनी झाडायच्या असतील तर मी याच शस्त्रावर विसंबेन. बाळगण्याच्या दृष्टीने याचा आणखी एक गुण आहे. मुठीच्या आत पूर्ण आकाराची धातूची चौकट नसून फक्त एक अरुंद दांडा आहे, त्यामुळे दस्ता कोणत्याही आकाराचा बसवता येतो. लहान हातासाठी लाकडाच्या फळ्या जडवलेला आखूड रबरी दस्ता मिळतो आणि त्याने शस्त्र पुष्कळ सुटसुटीत होते. चाप नवीन असताना थोडा खरखरीत वाटतो. मी रिकाम्या शस्त्रात खोटी काडतुसे घालून रोज रात्री पन्नास वेळा चाप ओढत असे. दोन महिन्यांनी तो रेशमासारखा नाही, तरी एकसारखा ओढला जाऊ लागला.

किंग कोब्रा घेण्याचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, कोल्टचा सिलिंडर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, स्मिथ आणि रुगरचा उलट. हाताला एकाची सवय झाली की अर्धवट भरलेल्या सिलिंडरमध्ये पुढची गोळी कुठे येणार याचा अंदाज चुकतो. शस्त्र उत्तम आहे, सहा गोळ्या आणि ८०० ग्रॅम हे गणित कमरेसाठी फार चांगले जमते, पण याच वजनामुळे मॅग्नमचा धक्का ६६ पेक्षा जास्त बसतो.

यलोस्टोनला जाणार असाल तर: २०१० च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते, मात्र माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतींत ते नेता येत नाही आणि उद्यानात गोळीबाराला बंदी आहे. त्यामुळे गाडीत पक्की बसवलेली कुलुपाची पेटी हवीच.

एडिसनची ताई

पेटीचा विषय निघाला म्हणून विचारते, घरी लहान मूल आहे का? असल्यास शस्त्राबरोबरच पेटीची किंमतही हिशेबात धरा. रिव्हॉल्व्हरला वेगळा सेफ्टी खटका नसतो, चाप ओढला की गोळी सुटते. चाप जड आहे म्हणून लहान मुलाला ओढता येणार नाही अशा समजुतीवर राहू नका, मूल दोन्ही अंगठे लावून ओढते. अंगावरून काढले की थेट कुलुपात, मधे टेबल नाही आणि पलंगाजवळचा खणही नाही, असा आमच्या घरचा नियम आहे.

जुना नेमबाज

ताईंशी पूर्ण सहमत. आणि कानांची काळजी घ्या. आखूड नळीच्या मॅग्नमचा आवाज एका गोळीतही कानाला कायमची इजा करू शकतो. रेंजवर कानात बोंडे आणि वरून कर्णकवच असे दोन्ही वापरा. माझ्या डाव्या कानात गेली अनेक वर्षे शिट्टी वाजते आहे, ती तरुणपणी शिकारीला कान उघडे ठेवून गेल्यामुळे.

गॅलाटिनकाठ

मुलगा सहा वर्षांचा आहे. ताई, पेटी शस्त्राच्या आधीच घेतली आणि कपाटात भिंतीला बोल्टने बसवली.

काल निर्णय झाला. दुकानात आम्ही दोघांनी जीपी१००, ६८६ प्लस आणि मॉडेल ६६ हातात घेऊन पाहिली. पत्नीचे बोट ६६ च्या चापावर पहिल्या पेऱ्यापर्यंत व्यवस्थित पोहोचले. ६८६ ची मूठ तीच असूनही पुढच्या जड नळीमुळे तिचे मनगट काही सेकंदांतच खाली झुकू लागले. जीपी१०० च्या भक्कमपणाने मला मोहात पाडले होते हे कबूल करतो, आणि एकट्यासाठी घ्यायचे असते तर बहुधा तेच घेतले असते.

मग छातीवर बाळगायचे ठरल्यामुळे पावणेतीन इंची ऐवजी सव्वाचार इंची मॉडेल ६६ घेतले. त्याचे वजन १०४० ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे माझ्या गोट्यांच्या तिसऱ्या पिशवीएवढे. गावात ते बाळगणार नाही. त्यासाठी मला शस्त्राची गरज वाटत नाही, आणि दोन वेगळ्या गरजा एकाच शस्त्रात कोंबण्याच्या प्रयत्नात मी इतके दिवस तीन इंचांभोवती फिरत होतो हे या धाग्यामुळेच लक्षात आले. छातीवरच्या होल्स्टरमध्ये शस्त्र उजव्या हाताने निघेल आणि स्प्रेचा डबा पिशवीच्या डाव्या खांदापट्ट्यावर राहील. स्प्रे डाव्या हाताने काढण्याचा सराव प्रशिक्षणासाठीच्या निष्क्रिय डब्यावर आजपासून सुरू केला आहे.

जुना नेमबाज यांना एकच विचारायचे आहे. आज .३८ च्या शंभर गोळ्या झाडल्यावर मॅग्नमचे काडतूस सिलिंडरच्या दोन घरांत शेवटपर्यंत गेले नाही, अंगठ्याने दाबावे लागले. हे आखूड काडतुसांमुळे साचलेल्या काजळीचे कडे असावे असे वाटते. ते तांब्याच्या ब्रशने घासून निघेल, की .३५७ च्या घरासाठी थोडा मोठा ब्रश लागेल?

जुना नेमबाज

तेच कडे आहे. .४० मापाचा ब्रश घ्या, तेल लावून प्रत्येक घरात वीसेक वेळा फिरवा आणि मग मॅग्नमचे काडतूस आपल्या वजनाने आत पडते का ते सहाही घरांत पाहा. डोंगरात जायच्या आदल्या रात्री हे न चुकता करा.